डावा गाल

१

त्या घरातलं जेवायचं टेबल एका टोकाला भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि भिंतीलगतची खुर्ची बिट्टीची होती. डावा गाल भिंतीकडे, उजवा माणसांकडे. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण पाहुणा आला तरी त्या खुर्चीवर बसायची कुणाची छाती नव्हती. लिफ्टमध्ये ती डाव्या कोपऱ्यात उभी राही. फोटोत कायम एका अंगाने.

“मी नाण्यावरच्या राणीसारखी आहे,” ती म्हणायची. “एकाच बाजूने छापतात.”

दहा-अकरा वर्षांची असताना तिच्या डाव्या डोळ्याखाली, बोट टेकवून दाबावं तसा, एक खळगा पडला होता. पुढच्या काही वर्षांत तो पसरत पसरत कपाळापासून हनुवटीपर्यंत गेला. कातडी जागच्या जागी, आतलं मात्र चमच्याने खरवडून न्यावं तसं गेलेलं. आजाराला लांबलचक नाव होतं आणि ते तिच्या बाबांना तोंडपाठ होतं, कारण बाबा डॉक्टर होते आणि त्यांचा धंदाच मुळी बसलेले चेहरे भरून उभे करण्याचा होता. माणसाच्याच पोटावरची चरबी काढायची आणि त्याच्याच गालात भरायची. शेकडो गाल त्यांनी भरले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नातेवाईक टोचून बोलायचे. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असे. “पेटलेल्या घराला रंग लावत नाहीत. आधी विझू दे.”

विझायला वेळ लागला. तोवर बिट्टीने पंचविशी ओलांडली होती आणि तिला काम मिळालं होतं ते आवाजाचं. बँकेला किंवा दवाखान्याला फोन लावला की ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारा जो गोड आवाज असतो, तो तिचा. अख्खं शहर तिच्या शब्दावर ताटकळायचं आणि त्यातल्या एकालाही तिचं तोंड माहीत नव्हतं.

एक दिवस ताट पुढे ओढता ओढता ती म्हणाली, “बाबा, आता विझलंय ना? मग भर ना माझा गाल. मला एकदा तरी समोरून दिसायचंय रे.”

ती बापाला अरेतुरे करायची. आजी होती तोवर आजीने त्यावरून पुष्कळ आकांडतांडव केलं, पण “अरे बाबा” काही सुटलं नाही. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांना ते ऐकायला फार आवडायचं. बाहेर सगळं जग त्यांना अहोजाहो करत असे. ‘तू’ म्हणणारी तेवढी एकच होती.

२

अडचण एकच होती. दुसऱ्याची चरबी शरीर धरत नाही, ती ज्याची त्याचीच लागते. आणि बिट्टीच्या अंगावर म्हणाल तर मूठभर मांस नाही. मग आईने कंबर कसली. दूध, लोणी, साय, खारका, जे दिसेल ते बिट्टीच्या पुढ्यात. काही महिन्यांनी पोटावर चिमटीत येईल इतकी वळी जमली, तेव्हा आई बोटांनी चाचपून म्हणाली, “चढली गं बाई तुला चरबी एकदाची!” हे वाक्य कौतुकाने म्हटलं गेल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं.

आपल्या माणसावर आपण हत्यार चालवू नये असं डॉक्टर लोक एकमेकांना सांगतात. डॉक्टरांनाही दोघा-तिघांनी सांगितलं. पण पोरीचा गाल दुसऱ्याच्या हातात द्यायची कल्पनाच त्यांना सहन होईना.

ऑपरेशन साधं झालं. बिट्टीला गुंगीचं औषध दिलेलं, गाल बधिर केलेला. पोटातून बारीक नळीने काढलेली चरबी पिचकाऱ्यांमध्ये उभी करून ठेवली; वर तेल सुटलं, खाली लाल पाणी, मधली पिवळी तेवढी घ्यायची. मग बोथट टोकाच्या सुईने ती गालात थेंबाथेंबाने, थरावर थर सोडत जायची. त्यातली काही जिरून जाते, बाकीची धरते. या धंद्यात महत्त्वाचा शब्द तेवढाच. कलम धरतं तशी चरबी धरली पाहिजे.

काम करताना चरबीशी बोलायची डॉक्टरांना सवय होती. पेशंट हसायचे, थिएटरमधल्या जुन्या सिस्टर टोमणे मारायच्या, पण सवय ती सवय. त्या दिवशी ते जरा जास्तच जीव ओतून बोलत होते. “ये बाई, बस. संकोच करू नकोस. आपलंच घर समज.”

“डॉक्टर, पाहुण्याला इतका आग्रह बरा नव्हे,” सिस्टर म्हणाल्या. “मुक्काम ठोकेल.”

“ठोकायलाच तर बोलावलंय.”

तेवढ्यात बिट्टीच्या ओठांचा डावा कोपरा हलला. उजवा नाही, फक्त डावा. अगदी हळू, पण स्वच्छ शब्द आले, “आभारी आहे.”

सिस्टर खुदकन हसल्या. “बघा, गुंगीतसुद्धा संस्कार सुटत नाहीत पोरीचे.”

डॉक्टरही हसले. बधिर केलेला ओठ लुळा पडतोच असं नाही, आणि गुंगीत माणूस काय वाटेल ते बोलतं. एक गृहस्थ तर त्यांच्या टेबलावर अर्धा तास पाढे म्हणत होते. फक्त, बिट्टीने उभ्या आयुष्यात कुणाला ‘आभारी आहे’ म्हटल्याचं त्यांना आठवेना.

३

पट्ट्या निघाल्या, सूज आली आणि ओसरली, निळं-पिवळं झालेलं कातडं मूळच्या रंगावर आलं. आणि गाल राहिला. नेहमी अर्धीअधिक चरबी जिरते म्हणून डॉक्टर थोडी जास्तच भरायचे. इथे जिरलीच नाही. सगळीच्या सगळी धरली.

एक दिवस बिट्टी खिडकीसमोर उभी राहिली आणि तिने आईला समोरून फोटो काढायला लावला. आईला धीर धरवेना, पहिले तीन-चार फोटो नुसते धुरकट आले. मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. डॉक्टर दारात उभे होते. त्यांनाही रडू येत होतं, पण बापमाणसाला चष्मा पुसायची सोय असते. त्या संध्याकाळी टेबल भिंतीपासून ओढून मधोमध लावण्यात आलं. इतकी वर्षं टेकून राहिल्याने भिंतीवर त्याच्या कडेची काळी रेघ उमटली होती.

डाव्या गालाला हसताना खळी पडत होती. उजव्याला कधीच पडली नव्हती.

“ही कुठून आली गं?” आई हरखून म्हणाली.

डॉक्टरांकडे उत्तर तयार होतं. आतला एखादा धागा कातडीला चिकटला असणार, त्याची ओढ बसते. होतं असं. गोड दिसत होती हेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत बसले होते. मागून आवाज आला, “बाबा, तुम्ही चहा घेतलात?”

त्यांनी मान वळवली. बिट्टीच होती. हातात कप, डावा गाल त्यांच्याकडे.

“अगंबाई!” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “उशिरा का होईना, शहाणी झाली पोर.”

बिट्टी थबकली. मग पूर्ण वळून, जराशी गोंधळून म्हणाली, “घे ना रे, गार होईल.”

डॉक्टरांनी चहा घेतला. चहा नेहमीसारखाच होता. आपल्याला नेमकं काय खटकलं हे त्यांना सांगता आलं नसतं. एखाद्याच्या घरी नव्याने आलेलं माणूस किती जपून, किती अदबीने बोलतं, एवढंच मनात येऊन गेलं.

४

मग स्टुडिओतली गोष्ट झाली. बिट्टी कामावरून आली ती घुश्शातच. “रेकॉर्डिंगवाला म्हणतो, तुझ्या मागे कोण उभं असतं? मी म्हटलं, बाबा रे, काचेच्या खोलीत मी एकटी आहे, तुला दिसतंय. तर म्हणतो, प्रत्येक वाक्याआधी दोनदा श्वास घेतल्याचा आवाज येतो. एक तुझा. आणि एक तुझ्या जरासा आधी.”

“मशीन जुनं असेल,” डॉक्टर म्हणाले.

“मीही तेच म्हटलं.” मग उजवा गाल खाजवत म्हणाली, “बाबा, मी बोलायच्या आधी ओठ हलतो रे माझा. डाव्या बाजूचा. मी काय बोलणार ते त्याला आधीच ठाऊक असल्यासारखं.”

डॉक्टरांनी तिला दिव्याखाली बसवलं. भुवया उचलायला लावल्या, दात दाखवायला, शीळ घालायला. सगळं जिथल्या तिथे. भरलेल्या गालाखाली नस जराशी चाळवली असेल, महिन्या-दोन महिन्यांत शांत होईल, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांना ते पटतही होतं.

रविवारी दुपारी बिट्टी कोचावर झोपली होती. डॉक्टर पायात मोजे, आवाज न करता पलीकडून चालले होते. तिचा उजवा डोळा मिटलेला होता. पापणीखाली बुबुळ हलत होतं, स्वप्न चालू असावं. डावा डोळा अर्धवट उघडा होता. अशी झोपणारी माणसं असतात, पापणी पूर्ण लागत नाही, त्यात नवल नाही. डॉक्टर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि तो डोळा त्यांच्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत आला.

ते थांबले. डोळा थांबला.

मग डाव्या गालावर हळूच खळी उमटली. ओळखीच्या माणसाला रस्त्यात पाहून उमटावी तशी. उजवी बाजू गाढ झोपेत, तोंड जरा उघडं, लहानपणी झोपायची तशीच. डॉक्टर आल्या पावली मागे फिरले आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. भीती वाटली होती, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं नाही. उकाडा आहे, एवढंच केलं.

५

उजवा गाल बसायला लागला तेव्हा मात्र न्हाणीघर उपयोगाचं नव्हतं.

आधी डोळ्याखाली, बोट टेकवल्यासारखा खळगा. मग गालाचं हाड वर आलं. हा आजार एका बाजूचा. क्वचित, अगदी क्वचित दुसऱ्या बाजूलाही उतरतो, असं पुस्तकात आहे. डॉक्टरांनी तो परिच्छेद काढून वाचला आणि पुन्हा वाचला. पण जे पहिल्यांदा व्हायला वर्षं लागली होती ते आता आठवड्या-आठवड्याने होत होतं. आणि डावा गाल त्याच वेळी आणखी भरत होता, आणखी तुकतुकीत होत होता. चरबी जिथून घेतली तिथली सवय विसरत नाही. वजन वाढलं तर भरलेला गालही वाढतो. पण बिट्टीचं वजन घटत होतं.

“काही दुखतं का?” त्यांनी विचारलं.

“दुखत नाही रे,” ती म्हणाली. हल्ली ती उजव्या बाजूने बोलायची तेव्हा शब्द पुटपुटल्यासारखे यायचे. “ओढल्यासारखं होतं. कुणीतरी अंथरूण आपल्याकडे ओढून घेतं ना, तसं.”

घरात आणखी एक झालं, आणि ते डॉक्टरांच्या फार उशिरा ध्यानात आलं. आई आता बिट्टीच्या डावीकडे बसायची. शेजारीण आली की डावीकडची खुर्ची ओढायची. बोलणं-हसणं सगळं त्या बाजूने. ती बाजू हजरजबाबी होती, लाघवी होती, सगळ्यांची विचारपूस करायची, शेजारणीच्या गुडघ्याचीसुद्धा. बिट्टीने शेजारणीच्या गुडघ्याची कधी पर्वा केली नव्हती. आणि मधोमध आणलेलं टेबल केव्हा तरी, झाडलोट करताना असेल, पुन्हा एका भिंतीला जाऊन टेकलं होतं. समोरच्या भिंतीला. आता बिट्टीचा उजवा गाल भिंतीकडे असे.

“हे कुणी सरकवलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुणी का सरकवेना,” आई म्हणाली. “बरं वाटतं असं.”

बिट्टी जेवत होती. घास डाव्या बाजूने चावत होती. चावता चावता डाव्या ओठाने, अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हणाली, “जागा कमी पडते हो, बाबा.”

“काय?” डॉक्टर म्हणाले.

“टेबल म्हणतेय ती,” आई म्हणाली. “लहानच आहे आपलं.”

६

डॉक्टरांची काम करायची एक पद्धत होती. पेशंटचा समोरून फोटो घ्यायचा, नाकाच्या रेघेवर उभा कापायचा, एक अर्धा उलटा करून त्यालाच जोडायचा. म्हणजे दोन उजव्यांचा एक चेहरा, दोन डाव्यांचा एक. दोन्ही बाजूंत कुठे काय उणं आहे ते चट्‌कन कळतं. ऑपरेशनआधी त्यांनी बिट्टीच्या दोन उजव्यांचा चेहरा केला होता, तोच समोर ठेवून डावा भरला होता. दोन डाव्यांचा त्यांनी कधी केला नव्हता. तो कोण बघणार?

आता केला. सकाळची वेळ, बाहेर पेशंट बसलेले, पंखा फिरतोय. फोटो घेताना बिट्टीला सांगितलं होतं, हसायचं नाही, ओठ मिटून ठेवायचे. तिने तसंच केलं होतं. मूळ फोटोत ती नुसती दमलेली दिसत होती.

सिस्टर फाइल घेऊन आत आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हणाल्या, “ह्या कोण? नवीन पेशंट?”

“बिट्टी आहे. डावी बाजू.”

सिस्टर वाकल्या. पडद्यावर एक बाई होती. देखणी, भरल्या गालांची, दोन खळ्यांची. बिट्टीसारखी नव्हती, आईसारखी नव्हती, त्यांच्या घराण्यात कुणासारखीच नव्हती. ती अगदी थोडं, आतल्या आत हसत होती. चांगल्या घरात पडलेल्या माणसाचं हसू.

“तुम्ही तिला हसू नको म्हणाला होतात ना?” सिस्टरनी विचारलं.

डॉक्टरांनी दुसरा चेहरा उघडला, दोन उजव्यांचा. डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली, पण ओळखू येत होती. त्यांचीच लेक होती. अर्ध्या चेहऱ्यावर जे नुसतं दमल्यासारखं वाटत होतं, ते दोन्हीकडे आल्यावर काय आहे ते कळत होतं. काचेपलीकडचं माणूस हाक मारतं आणि आवाज पोचत नाही, तेव्हा तोंड जसं दिसतं तसं ते तोंड होतं.

सिस्टरनी फाइल टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, “भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.” हसल्या मात्र नाहीत.

७

त्या दुपारी डॉक्टर लवकर घरी आले. आई बाहेर गेली होती. बिट्टी आरशासमोर केस विंचरत होती, उजव्या गालावर ओढून.

“बाबा, आलात? बरं झालं,” ती म्हणाली. “मी म्हणत होते, आता दुसरीही बाजू भरून टाका ना. बघवत नाही हो.”

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर स्टूल ओढून घेतलं. आपण काय करतोय ते त्यांना वेडगळ वाटत होतं. तरीही त्यांनी आपला तळहात तिच्या डाव्या बाजूवर ठेवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि अर्धा चेहरा झाकला.

राहिला तो एक खोल डोळा आणि अर्धं तोंड. डोळा त्यांच्याकडे बघत होता. लगेच भरून आला.

“बिट्टी, तू आहेस ना? सांग मला. काहीही सांग.”

उजवा ओठ थरथरला. आवाज असा आलाच नाही, नुसती हवा. पण बापाला कळलं. “अरे बाबा.” मग पुन्हा, “अरे... तू...”

हाताखालचा गाल गरम होता. तो हाताखाली हलला आणि तळव्याला लागून शब्द उमटले, स्पष्ट, समजूतदार. “हात काढता का? नीट बोलता येत नाही.”

आणि इथे डॉक्टर चुकले. माणूस घाबरला की शहाणपण पाजळतो. हात न काढता ते त्या गालाला म्हणाले, “तू माझी बिट्टी नाहीस. माझी बिट्टी मला अहोजाहो करत नाही. ती मला ‘अरे’ म्हणते, ‘तू’ म्हणते. तेवढ्यावरून ओळखतो मी तिला. समजलं?”

हाताखाली काही क्षण काहीच हललं नाही. नीट ऐकून घ्यावं तसं.

उजवा डोळा मोठा झाला. ओठ पुन्हा थरथरला, या वेळी जोरात. त्यांना वाटलं, पोर सुटकेने रडतेय. तिने मान नाहीनाही अशी हलवली, पण ती कशासाठी हलली याचा अर्थ त्यांना फार पुढे लागला.

८

दुसऱ्या ऑपरेशनला ती आनंदाने आली. आईने कपाळाचं चुंबन घेतलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. उजवा गाल भरायचा असंच सगळ्यांना सांगितलेलं होतं. डॉक्टरांच्या मनात तसं नव्हतं. भरलेलं सगळं ते आज ओढून काढणार होते. खळगा परत येईल, येऊ दे. टेबल जुन्या भिंतीला लावू. पोर समोरून कधीच दिसणार नाही, आणि आयुष्यभर बापाला दोष देईल. देऊ दे. दोष द्यायला ती असली म्हणजे झालं.

गुंगी हलकीच ठेवली होती. डॉक्टरांनी निळ्या पेनाने खुणा केल्या. सिस्टर हत्यारं मांडत होत्या, त्यांनी वर पाहिलं.

“डॉक्टर, खुणा डावीकडे केल्यात तुम्ही.”

“हो.”

सिस्टरनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा त्या तुकतुकीत गालाकडे पाहिलं. मग ट्रे निमूटपणे फिरवून डावीकडे लावला.

या वेळी डॉक्टर काही बोलले नाहीत. गाल बधिर केला, कानाजवळ बारीक छेद घेतला, नळी आत सरकवली आणि पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला. पिवळा पहिला थेंब काचेत आला. उजवा डोळा उघडा होता. त्यात भीती होती, पण त्याखाली काहीतरी दुसरंही होतं, पाण्यातून वर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यात असतं ते. डॉक्टरांनी तो पाहिला आणि आणखी ओढलं.

“बाबा!”

आवाज बिट्टीचा होता. शाळेतून पडून यायची, गुडघा धरून दारातूनच ओरडायची, तोच.

“बाबा, दुखतंय रे! अरे, काय करतोयस तू? थांब ना रे!”

डॉक्टरांचा हात जागच्या जागी गोठला. त्यांनी ओठांकडे पाहिलं. ओठांच्या दोन्ही बाजू थरथरत होत्या. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, उजव्यातूनही. कोणती बाजू बोलली ते त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांचं लक्ष पिचकारीवर होतं.

“सिस्टर, कुठून बोलली? तुम्ही पाहिलंत?”

“मी... नाही, डॉक्टर. ट्रेकडे बघत होते.”

“अरे बाबा, मी आहे रे. तुझी बिट्टी. काढ ना ते बाहेर.”

उजवा डोळा वेड्यासारखा फिरत होता. काहीतरी सांगत होता. पण डोळा ‘हो’ म्हणतो की ‘नाही’, हे कोण ठरवणार? गाल पूर्ण बधिर केला होता, दुखायचं कारणच नव्हतं, हेही त्यांना त्या क्षणी आठवलं. पण आठवून उपयोग नव्हता. लेक टेबलावर पडून ‘दुखतंय रे’ म्हणत असताना नळी आणखी आत सारणारा बाप त्यांच्यात नव्हता.

त्यांनी नळी बाहेर काढली. जेमतेम बोटभर चरबी निघाली होती. छेदावर कापूस धरून ते उभे राहिले आणि उजव्या डोळ्याकडे बघत राहिले. फिरता फिरता तो सावकाश थांबला. एकदा, शेवटचं, तो त्यांच्यावर येऊन ठरला, आणि त्यात राग नव्हता. तेच त्यांना सहन झालं नाही. मग पापणी हळूहळू खाली आली.

“बिट्टी?” ते म्हणाले. “बिट्टी गं?”

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग उजवा डोळा उघडला. स्वच्छ, शांत, कोरडा. त्याने वरचा दिवा पाहिला, सिस्टरना पाहिलं, खोली चारी बाजूंनी नीट पाहून घेतली, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांकडे पाहिलं.

“बरं केलंस, बाबा,” ती म्हणाली. ओठांच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या हलल्या.